रोजचा योगाभ्यास किती आणि कसा? ठाणे-नवी मुंबईच्या धावपळीत सूत्र १.१४

मासुंदाकाठ

पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं, म्हणजे समाधिपादातलं, चौदावं सूत्र (१.१४) इथे बहुतेकांना पाठ असेल: स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः। अभ्यास पक्का व्हायचा तर तो पुष्कळ काळ चालायला हवा, मध्ये खंड पडता कामा नये आणि तो आदराने, मन लावून व्हायला हवा. रोज किती मिनिटं, हे पतंजलींनी कुठेच सांगितलेलं नाही.

आपल्याकडचा दिवस कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीला नाहीतर बेलापूरला. सकाळी सातच्या आत बाहेर पडायचं, परत यायला रात्रीचे साडेआठ. त्यामुळे बऱ्याच जणांचं रविवारी दीड तासाचा वर्ग आणि बाकी सहा दिवस काहीच नाही, असं होतं. सोमवारी मांड्या धरतात, गुरुवारपर्यंत पाठ पुन्हा होती तशी आखडते, आणि पुढचा रविवार पहिल्या पायरीपासून सुरू होतो.

माझं मत ठाम आहे. रविवारचा दीड तास सोडला तरी चालेल, पण रोजची वीस मिनिटं सोडू नयेत. जागा तीच, क्रम तोच. वीस मिनिटांची मांडणी अशी: दोन मिनिटं नुसतं बसून श्वास बघायचा. आठ मिनिटं आसनं: ताडासन, अर्धकटिचक्रासन, भुजंगासन, वक्रासन, पवनमुक्तासन, प्रत्येकात पाच-सहा संथ श्वास. सहा मिनिटं नाडीशुद्धी, म्हणजे एकेका नाकपुडीने आळीपाळीने श्वास. शेवटी चार मिनिटं शवासन.

दोन प्रश्न आहेत. या मांडणीत काय चुकतंय? आणि यम-नियम (सत्य, अस्तेय, शौच असे आचरणाचे नियम) यात कुठे बसवायचे?

---

ऐरोली_सेक्टर_आठ

मांडणी चांगली आहे, पण ती सकाळी उठणाऱ्यांसाठी आहे. आमच्या भागात अर्धी इमारत रात्रपाळीची. अशांना ब्राह्ममुहूर्त सांगून उपयोग नाही, कारण तेव्हा ते परतीच्या बसमध्ये असतात.

रात्रपाळीवाल्यांनी अभ्यास घड्याळाला न बांधता झोपेला बांधावा. दुपारी जाग आली की तोंड धुऊन, पोट रिकामं असतानाच आसनं आणि नाडीशुद्धी. पहाटे घरी आल्यावर मात्र सूर्यनमस्कार आणि कपालभाती (पोटाच्या झटक्यांनी श्वास बाहेर टाकणं) अजिबात नको. त्याने अंगात तरतरी येते आणि मग झोप उडते. त्या वेळी थोडं हलकं खाऊन थोड्या वेळाने पाच ते सात भ्रामरी (मिटल्या ओठांनी भुंग्यासारखं गुंजन), नंतर आडवं होऊन शवासन, त्यातच झोप लागली तर उत्तम. खिडकीला जाड पडदा हवाच, तो नसेल तर भ्रामरीचा फारसा उपयोग होत नाही.

भ्रामरीत लोक बोटं कानात खुपसतात. त्याची गरज नाही. कानाच्या भोकासमोरची छोटी कूर्चा अंगठ्याने हलकी दाबली की आवाज बंद होतो. दात एकमेकांवर टेकवायचे नाहीत, ओठ मिटलेले. मग गुंजन कपाळापर्यंत जाणवतं.

---

पारसिकची_पायरी

मासुंदाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच माझी हरकत आहे. यम-नियम 'कुठे बसवायचे' असं विचारलं की ते वीस मिनिटांतलं एक कलम होऊन बसतात. योगाच्या आठ अंगांत, म्हणजे अष्टांगात, ते पहिले दोन आहेत. आसनावर पतंजलींनी फक्त तीन सूत्रं खर्च केली, २.४६ ते २.४८. आणि यमांना महाव्रत म्हटलं ते जात, देश, काळ, प्रसंग यांची सवलत न देता पाळायचे म्हणून.

माझ्या मते उरलेले साडेतेवीस तास हाच खरा अभ्यास आहे. करायचं कसं? एका महिन्याला एकच यम घ्यावा आणि त्याची एकच ठरावीक जागा निवडावी. सत्य घेतलं तर जागा फोनची. माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेलो असताना 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणायचं नाही; 'माजिवड्याला आहे, अर्धा तास लागेल' म्हणायचं. एवढंच, महिनाभर. अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, घेतलं तर दुसऱ्याचा वेळ: दहाची बैठक दहाला सुरू, साडेदहाला संपली. अपरिग्रह, म्हणजे साठवण न करणं, घेतला तर माळा आणि कपाट. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला हा यम लवकर कळतो.

सगळे यम एकदम घेतले की आठवड्यात सगळे सुटतात. आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं आढावा घ्यायचा: आज कुठे सुटलं, त्याआधी मनात काय आलं होतं. स्वतःला दोष द्यायला नाही, तर वितर्क (यम मोडायला लावणारा विचार) कुठून उठतो ते ओळखायला. २.३३ मधली प्रतिपक्षभावना तिथूनच सुरू होते. विचार उठला हेच कळलं नाही तर त्याच्या विरुद्ध भावना आणणार कधी?

---

नौपाड्याचा_वाडा

पारसिकची_पायरी, तत्त्व म्हणून मान्य. पण ज्याची कंबर दुखते त्याला रात्रीचा आढावाही धड घेता येत नाही. १.३० मध्ये नऊ अंतराय (अडथळे) सांगितले, त्यांत पहिला व्याधी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय १.३१ मध्ये विक्षेपाबरोबर येणाऱ्या चार गोष्टी आहेत: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. यातल्या शेवटच्या दोन शरीरावर दिसतात. अंगाची चुळबुळ आणि श्वासाचा बिघडलेला ताल ज्याला स्वतःत दिसायला लागला, त्याला मन बघता येईल. म्हणून सुरुवात बैठकीपासून.

आणि बैठकीबद्दल लोक फार निष्काळजी असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सुखासनात बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील तर ती बैठक टिकणार नाही. कारण साधं आहे. दिवसभर खुर्चीत बसून मांडीच्या मागचे स्नायू आणि खुबे आखडलेले असतात. ते ओटीपोटाचं हाड मागे ओढतात, कंबर बाहेर फुगते, छाती खाली बसते आणि श्वास वरच्यावर चालतो. मग लोक ताठ बसायचं म्हणून खांदे मागे खेचतात, त्याने मानेवर ताण येतो आणि पाच मिनिटांत सगळं सोडून देतात.

उपाय: एक जाड चादर किंवा सोलापुरी घ्या. घडी करून चार बोटं उंच करा. घडीच्या मधोमध बसू नका, पुढच्या कडेवर बसा; बैठकीची दोन हाडं कडेवर आणि मांड्या पुढे उतरत्या. आता तळहात उलटा करून कमरेच्या खालच्या मणक्यांवर ठेवा. मणके टोचल्यासारखे बाहेर लागले तर अजून एक घडी वाढवा. मणके आत, एका हलक्या खोबणीत गेले की उंची बरोबर झाली. गुडघे अधांतरी राहत असतील तर खाली नॅपकिन गुंडाळून टेकू द्या, नाहीतर मांडीचे स्नायू त्यांना धरून ठेवतात आणि दमतात. निम्मा वेळ झाला की पायांची अढी बदला. उजवा पाय रोज पुढे ठेवला तर एकच बाजू सैल होते.

इतकं झाल्यावर २.४७ मधलं प्रयत्नशैथिल्य म्हणजे काय ते अंगाला कळतं. पाठ धरून ठेवावी लागत नाही.

---

कळवा_खारेगाव

नौपाड्याचा वाडा, वरचा प्रतिसाद वाचता वाचता चादर घडी करून बसून पाहिलं. मणके तपासायची युक्ती अचूक आहे. ज्यांच्या गुडघ्यांची वाटी झिजली आहे त्यांचं काय?

---

नौपाड्याचा_वाडा

खुर्ची. बिनधास्त. पण हाताची आणि चाकांची नको, जेवणाच्या टेबलाची सपाट लाकडी खुर्ची घ्या. पाठ टेकायची नाही, पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले. उंची कमी असेल तर पायाखाली पाट किंवा जाड पुस्तकं. गुडघे कंबरेपेक्षा किंचित खाली. स्थिरसुखमासनम् या सूत्रात जमिनीवरच बसलं पाहिजे असं कुठेही नाही. वज्रासनाचा आग्रह झिजलेल्या गुडघ्यांना धरू नये.

---

तुर्भे_जंक्शन

ट्रान्सहार्बर लोकलने रोज ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक अभ्यास सुचवतो. ठाण्याला गाडी सुटली की दिघा गाव येईपर्यंत फक्त पाय. वजन दोन्ही तळव्यांवर सारखं आहे का ते बघायचं. बॅग एकाच खांद्यावर असेल तर त्या बाजूची कंबर हमखास वर उचललेली असते. बॅग पुढे, छातीवर घ्या. ऐरोली ते रबाळे खांदे आणि जबडा सैल सोडायचा. रबाळ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत श्वास: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, नाकानेच, आवाज न करता. तुर्भ्याला सोडून द्यायचं.

स्टेशनांच्या खुणा असल्यामुळे घड्याळ बघावं लागत नाही, आणि मन भरकटलं तर पुढचं स्टेशन परत आणतं. १.३२ मधला एकतत्त्वाभ्यास, म्हणजे एकाच गोष्टीवर मन ठेवणं, इतक्या गर्दीतही करता येतो.

---

कोपरी_पूर्व

गाडीत प्राणायाम? मला पटत नाही. धूळ, घाम, पंखा बंद. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात (प्रकरणात) स्पष्ट सांगितलंय की प्राणायाम योग्य रीतीने केला तर रोग जातात आणि अयोग्य रीतीने केला तर उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं हे सगळं मागे लागतं. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करायचा. गाडीच्या डब्यात ते होणार नाही.

---

तुर्भे_जंक्शन

कोपरी पूर्व, तुमचा इशारा योग्य आहे आणि मी नीट लिहायला हवं होतं. मी सांगतोय तो प्राणायाम नाहीच. कुंभक (श्वास रोखणं) नाही, नाकपुडी बंद करणं नाही, जोर नाही. फक्त बाहेर जाणारा श्वास थोडा लांबवायचा. १.३४ मध्ये प्रच्छर्दन (श्वास बाहेर सोडणं) आणि विधारण (तो रोखणं) दोन्ही सांगितली आहेत. गाडीत पहिलं पुरे. सहा अंकांनी धाप लागत असेल तर चार-चारच ठेवा. आणि दारात उभं राहून डोळे मिटायचे नाहीत, हे सांगायची वेळ येऊ नये.

---

सानपाडा_संध्याकाळ

प्राणायामाचा विषय निघालाच आहे तर कपालभातीबद्दल लिहिते. सकाळी बागेत बघावं तर निम्मे लोक चुकीची करत असतात, आणि ती घाईत केली की त्रास होतो.

पहिली गोष्ट, हठप्रदीपिकेत ती प्राणायामात नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर षट्कर्मांत आहे. म्हणजे शुद्धिक्रिया. ती रोज अर्धा तास करायची साधना नाही.

करताना फक्त उच्छ्वास आपला, श्वास आपोआप. बेंबीखालचा भाग झटक्याने आत, लगेच सैल. सैल सोडला की हवा स्वतःहून आत येते. लोक काय करतात? श्वासही ओढून घेतात. मग छाती आणि खांदे उडायला लागतात, पोट जागेवर राहतं. तपासायला एक हात पोटावर, एक छातीवर ठेवा. छातीवरचा हात हलायला नको. सुरुवातीला २० झटके, मग थांबून साधे श्वास, अशी तीन आवर्तनं. साधारण सेकंदाला एक झटका पुरे. वेग आधी वाढवला की पोट पूर्ण सैल व्हायला वेळच मिळत नाही.

चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर लोक म्हणतात 'शक्ती जागी होतेय'. तसं नाही. जोरजोरात श्वास बाहेर टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हलकं वाटतं. लगेच थांबावं, बसून राहावं.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण, पाळीचे दिवस, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया: यात कपालभाती नाही. जेवणानंतर चार तास तरी जायला हवेत. ज्यांना जमत नाही त्यांनी नाडीशुद्धीच करावी, काही कमी पडत नाही.

---

वर्तकनगर_टेकडी

सानपाडा_संध्याकाळ, हा प्रतिसाद छापून बागेच्या फलकावर लावायला हवा. नाडीशुद्धीचंही असंच सांगाल का?

---

सानपाडा_संध्याकाळ

थोडक्यात. तर्जनी-मध्यमा दुमडून अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका-करंगळी डावीला. नाकाचं हाड संपतं त्याच्या खाली जो मऊ भाग आहे तिथेच स्पर्श, तोही बंद होण्यापुरता. हाड दाबलं की नाक वाकतं आणि दुसरी बाजूही अर्धी बंद होते. कोपर बरगडीजवळ सैल. ते हवेत उचललं की दोन मिनिटांत खांदा भरतो आणि मान त्या बाजूला झुकते.

डावीने आत, उजवीने बाहेर, उजवीने आत, डावीने बाहेर, हे एक आवर्तन. पाच आवर्तनं चार-चार अंकांनी. ती सहज झाली की चार अंक आत, सहा बाहेर, पुढे चारला आठ. सोडलेल्या श्वासाच्या शेवटी झपकन आत ओढावं लागलं तर अंक जास्त झाले, परत मागे या. कुंभक पुस्तकात वाचून करू नये. समोर शिकवणारं माणूस असू द्यावं.

---

खाडीपूल

धागा छान चाललाय, पण मला मूळ विधानालाच आव्हान द्यायचं आहे. मासुंदाकाठ म्हणतात जागा तीच, क्रम तोच, रोज. आता हठप्रदीपिका १.१५ बघा. योग ज्या सहा गोष्टींनी नासतो त्यांत अत्याहार (फार खाणं), प्रयास (अतिश्रम), प्रजल्प (वायफळ बडबड), जनसंग (लोकांत फार मिसळणं) आणि लौल्य (चंचलपणा) यांच्या जोडीला नियमाग्रह आहे. म्हणजे नियमाचा हट्ट. मग नैरंतर्य (खंड न पाडणं) कुठे संपतं आणि नियमाग्रह कुठे सुरू होतो?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. 'एक दिवस चुकला' म्हणून पूर्ण अभ्यासच सोडून देणारे खूप असतात. ताप असताना आसनं करणारेही असतात. घरात कोणी आजारी आहे आणि हे मॅटवर, असंही दिसतं. या सगळ्यांनी सूत्र १.१४ चुकीचं वाचलंय असं मला वाटतं.

---

मासुंदाकाठ

खाडीपूल, मुद्दा महत्त्वाचा आहे. मी 'तोच क्रम' म्हणालो ते एवढ्यासाठी की रोज निर्णय घ्यावा लागू नये. सकाळी साडेपाचला 'आज काय करू' असं ठरवायला बसलं की तिथेच पाच मिनिटं जातात आणि त्या फटीत आळस शिरतो. पण हट्ट आणि सातत्य यांतली रेषा मी सांगितली नव्हती. इतरांनी लिहावं.

---

पारसिकची_पायरी

हठप्रदीपिकेवरच्या ब्रह्मानंदांच्या ज्योत्स्ना टीकेत नियमाग्रहाची उदाहरणं दिली आहेत: पहाटे थंड पाण्याने स्नान, फक्त रात्रीच जेवणं, फक्त फळं खाणं. म्हणजे शरीराला कष्ट देणारी व्रतं. अभ्यासाच्या सातत्याला तिथे नाव ठेवलेलं नाही. उलट पुढच्याच श्लोकात योग कशाने सिद्ध होतो ते सांगताना उत्साह, साहस, धैर्य, तत्त्वज्ञान आणि निश्चय आले आहेत. निश्चय हवाच आहे.

आणि दुसऱ्या उपदेशात, सुरुवातीच्या काळात दूध-तूप असलेला आहार सांगून लगेच म्हटलंय की अभ्यास दृढ झाल्यावर असा नियम धरायची गरज नाही. नियम अभ्यासासाठी आहे. ज्या नियमाने अभ्यास मोडतो तो टाकायचा.

आपल्याकडे याचं रूप म्हणजे 'आंघोळ झाल्याशिवाय बसणार नाही' हा हट्ट. सकाळी पाणी येण्याची वेळ आणि न्हाणीघराची रांग, यात अभ्यास बुडतो. हातपाय-तोंड धुऊन बसा. शौच, म्हणजे स्वच्छतेचा नियम, तेवढ्यानेही पाळला जातो.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

यावर एक चालणारी रीत आहे. अभ्यासाच्या तीन पातळ्या आधीच ठरवून ठेवायच्या. पूर्ण म्हणजे मासुंदाकाठ यांची वीस मिनिटं. मधली आठ मिनिटं: तीन आसनं आणि पाच आवर्तनं नाडीशुद्धी. किमान पातळी तीन मिनिटं: चादरीवर बसून बारा लांब श्वास, बस. ताप असेल तर किमान पातळी आडवं पडून. पाहुणे आले, गाडी चुकली, दुसरी पाळी लागली, तरी किमान पातळी होतेच.

एक पथ्य मात्र हवं. कोणती पातळी करायची ते चादरीवर बसल्यावर ठरवायचं, अंथरुणात पडल्या पडल्या नाही. अंथरुणात नेहमी किमानच निघते.

---

नौपाड्याचा_वाडा

यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. आणि १.१४ मधला सत्कार (आदर) विसरू नका. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्काराचा खुलासा तप, ब्रह्मचर्य, विद्या आणि श्रद्धा असा आहे. तीन मिनिटांत सत्कार असू शकतो, आणि फोन शेजारी उपडा ठेवून केलेल्या दीड तासात तो नसतो.

---

घोडबंदर_गायमुख

अवांतर होईल, पण इथे धूळ इतकी आहे की नाडीशुद्धीला बसलं की एक नाकपुडी बंदच. जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) करावी का?

---

सानपाडा_संध्याकाळ

करा, पण नीट. पाणी उकळून कोमट केलेलंच, थेट नळाचं नाही. न उकळलेल्या पाण्यातले जंतू नाकातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे इथे तडजोड नको. अर्धा लिटर पाण्यात पाऊण सपाट चहाचा चमचा मीठ, साधारण साडेचार ग्रॅम. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, जास्त झालं तर जळजळतं. प्रमाण जमलं की काहीच जाणवत नाही.

पुढे वाकून मान एका बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडानेच. वरच्या नाकपुडीतून पाणी खालच्या नाकपुडीने येतं. घशात उतरत असेल तर मान मागे गेली आहे, हनुवटी छातीकडे घ्या. अर्धं पात्र एका बाजूने, अर्धं दुसऱ्या.

खरी चूक नंतर होते. नाक कोरडं करताना एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरतात आणि पाणी कानाकडे जातं. दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून, कंबरेत वाकून, मान डावी-उजवी फिरवत हलके उच्छ्वास टाका. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर करू नका. धुळीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा पुरे.

---

वर्तकनगर_टेकडी

आहारावर कोणीच लिहिलं नाही. घरी साडेआठला, जेवण साडेनऊला, झोप अकराला आणि सकाळी साडेपाचला आसनं. रात्रीचं पोट सकाळपर्यंत जड राहतं, भुजंगासनात आंबट ढेकर येतात. हठप्रदीपिकेतला मिताहार म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा. गीता ६.१६ दुसरी बाजू सांगते, फार खाणाऱ्याला योग नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही.

जमेल असं: संध्याकाळी साडेपाच-सहाला कार्यालयातच डब्यातलं दुसरं खाणं, एक पोळी-भाजी किंवा मूठभर फुटाणे आणि फळ. मग घरी आल्यावर मुगाची खिचडी किंवा भाकरी आणि पालेभाजी, अर्ध्या भुकेइतकी. स्टेशनबाहेरचा वडापाव सुटतो तो या संध्याकाळच्या डब्यामुळे.

---

खाडीपूल

मला वाटतं घरापेक्षा सोसायटीत योग जास्त लागतो. १.३३ तिथे वापरून बघण्यासारखं आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद, वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. चारही माणसं एका वार्षिक सभेत भेटतात. शेजाऱ्याने मोठं घर घेतलं, तिथे मैत्री. कोणाचा देखभालखर्च थकलाय कारण नोकरी गेली, तिथे करुणा. सचिव फुकटात हिशेब सांभाळतो, त्याचं चारचौघांत कौतुक करायचं. आणि पार्किंगवरून ग्रुपवर रात्री अकराला लिहिणाऱ्याला सकाळपर्यंत उत्तर द्यायचं नाही. उपेक्षा म्हणजे तक्रार सोडून देणं नव्हे. लेखी अर्ज शांतपणे द्यावा. मनाची झोप मात्र त्याच्या हाती देऊ नये.

---

पारसिकची_पायरी

खाडीपूल, अगदी हेच मला 'उरलेले साडेतेवीस तास' म्हणताना अभिप्रेत होतं.

---

कळवा_खारेगाव

शिकायला कुठे जावं, तेही कोणीतरी सांगा.

---

नौपाड्याचा_वाडा

ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर ही दोन जुनी नावं. वर्गांच्या वेळा तिथेच विचारा. थोडे दिवस काढता येत असतील तर लोणावळ्याचं कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं. वर्ग निवडताना एक बघा: शिकवणारे तुमच्या दुखण्यांची चौकशी पहिल्या दिवशी करतात का. न विचारता सगळ्यांना सर्वांगासन घालणाऱ्या वर्गातून परत या.

मराठीत वाचायचं तर कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं पातंजल योगदर्शनावरचं मोठं विवरण आहे. सलग वाचायला जड जातं. रोज एक सूत्र घ्यावं, तोच स्वाध्याय.

---

मासुंदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ मांडणी आता अशी बदलतो आहे. सुरुवातीच्या दोन मिनिटांत चादरीची उंची आणि मणके तपासणं आलं. नाडीशुद्धी चार-चारपासूनच. तीन पातळ्या कागदावर लिहून भिंतीवर. यम वीस मिनिटांत बसवायचे नाहीत, महिन्याला एक, ठरलेल्या जागी; पहिला महिना सत्याचा, फोनवर. रात्रीचा आढावा दोन मिनिटांचा. एक शंका राहते: वेळ कमी असेल तेव्हा शवासन गाळलं तर चालेल?

---

सानपाडा_संध्याकाळ

शवासन गाळू नका, हवं तर एक आसन कमी करा. आसनांमुळे वाढलेली नाडी आणि श्वास खाली यायला वेळ लागतो. तो न देता लगेच बूट घालून पळालात तर चिडचिड घेऊनच बाहेर पडता. पायांत दीड फूट अंतर, हात अंगापासून एक वीत लांब, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली दुमडलेला टॉवेल. उठताना उजव्या कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन. सरळ उठून बसलं की कंबरेला झटका बसतो.

आणि मला वाटतं शवासनाचा क्रमही बदलावा. आसनं, शवासन, मग नाडीशुद्धी. नाडीशुद्धीनंतर स्थिर झालेलं बसणं मोडून परत आडवं का पडायचं? तिथूनच दोन मिनिटं शांत बसून राहावं.

---

कोपरी_पूर्व

क्रमाबद्दल सहमत.

---

घोडबंदर_गायमुख

पावसाळ्यात मॅटला वास येतो, काळे ठिपके पडतात. काय करता?

---

वर्तकनगर_टेकडी

अभ्यास झाला की लगेच गुंडाळू नका, घाम आत कोंडतो. दांडीवर उलगडून अर्धा तास पंख्याखाली. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा म्हणजे आतलं पाणी टॉवेलात येतं. रबरी मॅट उन्हात घालू नका, चिरा जातात. काळे ठिपके खोलवर गेले असतील तर मॅट बदला, श्वास तिच्याजवळच घ्यायचा असतो. चार-सहा मिलिमीटर जाडी पुरे. त्याहून जाड मॅटमध्ये तळहात रुततो आणि मनगट दुखतं. वर पातळ सुती सतरंजी टाकली तर घाम तीच शोषते आणि मशीनमध्ये धुता येते. फक्त ती मॅटवरच टाका, नुसत्या लादीवर टाकली तर ताडासनातही पायाखालून सरकते.